मदत हवी आहे : पुण्याच्या 'ओरायन इन द वेस्ट' या फ्रीमेसन लॉजचे स्थापनावर्ष १८२३ मानावे की १८३३?

नमस्कार.

पुणे कॅम्पातील जुन्या संस्थांची माहिती एकत्र करण्याचे काम आम्ही तिघे-चौघे गेली दोन वर्षे सवडीने करत आहोत. चर्च, बाजार, दफनभूमी अशी वाटणी झाली आणि फ्रीमेसन लॉजचे टिपण माझ्या वाट्याला आले. (फ्रीमेसन किंवा मेसन म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद, आणि लॉज म्हणजे त्यांची स्थानिक शाखा.) मी स्वतः मेसन नाही. संघटनेच्या गुप्त विधींबद्दल मला काही विचारायचे नाही. माझा प्रश्न केवळ इतिहासाचा आहे आणि तो पहिल्याच ओळीपाशी, म्हणजे स्थापनावर्षापाशी, अडला आहे.

आतापर्यंत जुळवलेली हकीकत अशी. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी पेशवाई संपली आणि पुण्यात कंपनी सरकारच्या फौजेचे कायमचे ठाणे बसले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८२३ मध्ये, बॉम्बे आर्टिलरी या कंपनीच्या तोफखान्यातील मंडळींनी 'ओरायन इन द वेस्ट' हे लॉज सुरू केले. लॉज चालवण्याची सनद, म्हणजे अधिकारपत्र, मात्र त्यांना लंडनहून मिळाली नाही, ती मद्रासहून आली. 'कोरोमंडल किनाऱ्यावरील क्रमांक १५' असा त्या लॉजचा पहिला दाखला आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या तोफखान्याने पूर्व किनाऱ्याची सनद का घ्यावी, हे मला प्रथम कोडेच वाटले होते. नंतर कळले की मुंबईत प्रांतिक ग्रँड मास्टर, म्हणजे प्रांतातील लॉजांचे प्रमुख, म्हणून जेम्स टॉड यांची नेमणूक अठराव्या शतकातच झाली होती, पण १७९९ नंतर त्यांचे नाव यादीतून गेले आणि पुढे कित्येक वर्षे ती जागा रिकामीच राहिली. लंडनला अर्ज करायचा तर जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणार, उत्तर यायला वर्षही लागू शकणार. अशा वेळी मद्रासच्या प्रांतिक ग्रँड लॉजकडे, म्हणजे लॉजांवरच्या वरिष्ठ संस्थेकडे, जाणे त्या लोकांना सोयीचे आणि नियमाला धरूनच वाटले असणार.

घोटाळा उघड झाला तो १८३० मध्ये. लॉज इमाने-इतबारे प्रवेशशुल्क आणि तिमाही वर्गणी मद्रासला भरत आले होते, परंतु असे एखादे लॉज अस्तित्वात असल्याची वार्तासुद्धा इंग्लंडला पोहोचली नव्हती, मग पैसे पोहोचण्याची गोष्टच दूर. त्याहून गंभीर बाब म्हणजे, मुंबई इलाख्यातील लॉजला सनद देण्याचा अधिकार मद्रासच्या प्रांतिक ग्रँड मास्टरला नव्हताच, असेही निष्पन्न झाले. अखेरीस १८३३ मध्ये इंग्लंडहून नवी सनद मिळाली. आज हे लॉज ४१५ या क्रमांकाने ओळखले जाते. क्रमांकांची ही मांडणी इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८६३ मध्ये सर्व लॉजांना नव्याने क्रमांक दिले तेव्हाची आहे.

त्यामुळे या लॉजचे जन्म दोन झाले. माझे मन १८२३ कडे झुकते. दहा वर्षे माणसे जमत होती, वर्गणी भरत होती, नव्या सभासदांना दीक्षा देत होती. सनद देणाऱ्याकडून अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली म्हणून त्या दहा वर्षांतील माणसेच नव्हती असे कसे म्हणावे? मात्र आमच्या गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की जी सनद देण्याचा अधिकारच देणाऱ्याला नव्हता, ती मुळातच पोकळ ठरते आणि म्हणून १८३३ हेच वर्ष लिहावे.

यातच दुसरा एक गुंता आहे. १८२५ मध्ये ओरायनमधील नागरी पेशाचे सभासद वेगळे झाले आणि त्यांनी पुण्यातच 'लॉज ऑफ होप' काढले. या नव्या लॉजला सनद मिळाली ती थेट इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडून. म्हणजे ज्या मूळ लॉजची इंग्लंडला गंधवार्ताही नव्हती, त्यातून फुटून निघालेले लॉज इंग्लंडच्या दप्तरी आधी नोंदले गेले. ओरायन जर लष्करी लॉज होते, तर त्यात नागरी सभासद आले कसे? आणि त्यांना बाहेर का पडावे लागले?

तिसरी शंका जुन्या कार्यवृत्तातील एका नोंदीबद्दल आहे. सभासदांची 'तिसऱ्या पदवीत परीक्षा घेऊन त्यांना चौथ्या पदवीच्या खुर्चीत बसवले' आणि त्यासाठी तीन सोन्याच्या मोहरा शुल्क आकारले, असा तिचा आशय आहे. फ्रीमेसनरीत मूळ पदव्या, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या, तीनच, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग ही चौथी पदवी कोणती? मोहोर पंधरा रुपयांची धरली तर शुल्क पंचेचाळीस रुपये होते. तोफखान्यातील साध्या गोलंदाजाच्या आवाक्यातील ही रक्कम नव्हे. यावरून हे लॉज केवळ अधिकाऱ्यांचे होते असे समजावे का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : कागदवाचक

प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

'लष्करी लॉज' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि आपला बराचसा गुंता तिथेच आहे. पहिला अर्थ फिरत्या सनदेचा. आयर्लंडच्या ग्रँड लॉजने १७३२ मध्ये पहिल्या पायदळ पलटणीला अशी सनद दिली आणि ती प्रथा पडली. अशी सनद गावाची नसून पलटणीची असे. पलटण हलली की सनद, कागद आणि विधींची अवजारे पेटीत भरून बरोबर जात. ४६ व्या पायदळ पलटणीचे २२७ क्रमांकाचे आयरिश लॉज हे याचे ठळक उदाहरण आहे. १७५२ ची ती सनद अमेरिकेत फिरली, १८१४ मध्ये पलटणीबरोबर सिडनीला गेली आणि शेवटी कॅनडात माँट्रियल येथे स्थिरावली. दुसरा अर्थ सैल आहे : ज्या लॉजचे बहुतेक सभासद सैनिक, ते लष्करी लॉज.

इंग्लंडच्या नियमपुस्तकात फिरत्या लॉजांवर एक कडक बंधन होते. छावणी ज्या गावात असेल तेथील रहिवाशाला, किंवा लष्करी पेशात नसलेल्या कोणालाही, अशा लॉजने दीक्षा देऊ नये; आणि लष्करातही कॉर्पोरलच्या खालच्या दर्जाच्या शिपायाला सामान्यतः घेऊ नये. हे बंधन दीक्षेपुरते आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे. अन्यत्र आधीच मेसन झालेला मुलकी अधिकारी सभासद म्हणून येऊन बसू शकत होता. ओरायनमधील नागरी मंडळी अशाच वाटेने आली असावीत, असा माझा तर्क आहे. आणि आपल्या नागरी स्नेह्यांना दीक्षा देता येत नाही म्हणूनच त्यांना स्वतःचे लॉज हवेसे वाटले असावे. हा तर्कच आहे, त्याला पुरावा म्हणून वापरू नये.

दर्जाच्या प्रश्नाबद्दल मुंबईची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १८२२ मध्ये तिथे 'बेनेव्हलंट' नावाचे लॉज निघाले. त्याच सुमारास तेरा मेसन मुंबईच्या कोटातील अपोलो दरवाजावरच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत आपापसांत जमत असत, कारण वेगळे लॉज काढण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते आणि बड्या लोकांच्या लॉजमध्ये जाण्याचा त्यांना संकोच होता. बेनेव्हलंटला हे कळले आणि तेराही जणांना मानद सभासद करून घेण्यात आले. पहिल्या सभेनंतर वरिष्ठ मंडळी मेजवानीला बसली आणि या तेरांना सांगण्यात आले की तुमचे खाणे खाली मांडले आहे. तेराही जण न जेवता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कमांडिंग अधिकाऱ्याने, जो त्याच लॉजचा पदाधिकारीही होता, त्यांना बोलावून जाब विचारला. त्यांच्यापैकी एकाने उत्तर दिले, त्याचा आशय असा की मेसनांनी पाणसळीवर भेटावे आणि गुण्यावर निरोप घ्यावा (ही गवंड्याची अवजारे; म्हणजे बरोबरीच्या नात्याने भेटावे आणि सचोटीने निरोप घ्यावा), हे तत्त्व जिथे पाळले जात नाही तिथले अन्न आम्हाला घेता येत नाही. कर्नल काही बोलला नाही. हाताने जाण्याची खूण केली. त्यानंतर त्या लॉजमध्ये सभेत आणि पंगतीत सगळे एकत्र बसू लागले.

तेव्हा शुल्काच्या आकड्यावरून सभासदांचा दर्जा ठरवण्याची घाई आपण करू नये, असे मला वाटते. तेरांपैकी एकालाही ते शुल्क परवडले नसते, तरी ते लॉजमध्ये होते.

प्रतिसाद : मुळाकाठ

चौथ्या पदवीबद्दल. इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजांचे १८१३ मध्ये एकीकरण झाले, तेव्हा शुद्ध प्राचीन मेसनरीत तीनच पदव्या आहेत आणि 'रॉयल आर्च' हा पुढचा विधी त्यांतच अंतर्भूत आहे, असे ठरले. त्यापूर्वी रॉयल आर्चमध्ये प्रवेश हवा असेल तर सभासद लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, झालेला असणे आवश्यक मानले जाई. प्रत्येकाला मास्टर होणे शक्य नसल्याने केवळ नावापुरते खुर्चीत बसवण्याचा एक छोटा विधी केला जाई. आपल्या नोंदीतील 'चौथ्या पदवीची खुर्ची' ती हीच असावी. एकीकरणानंतर दहा वर्षांनीही पुण्यात ती पद्धत चालू होती, यावरून संस्थापक मंडळींनी आपली मेसनरी जुन्या रिवाजाच्या लॉजांतून शिकून आणली होती, असे दिसते.

शोधाच्या दिशेबद्दल एक सावधगिरी. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची जुनी सभासद-नोंदपुस्तके आता संगणकावर पाहता येतात, परंतु १८३० पर्यंत इंग्लंडला या लॉजचा पत्ताच नसल्यामुळे पहिल्या सात वर्षांची नावे तिथे सापडण्याची आशा फार कमी. उलट बाजूने जावे. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात बॉम्बे आर्टिलरीचे हजेरीपट आहेत. त्यांवरून १८२३ मध्ये कोणत्या तुकड्या पुण्यात होत्या हे काढावे, मग १८३३ नंतरच्या लॉजच्या यादीतील वयाने मोठी नावे त्यांच्याशी ताडून पाहावीत.

धागाकर्ता

आपणा दोघांचेही मनापासून आभार. पाणसळ आणि गुण्याची हकीकत मला ठाऊक नव्हती. ती वाचल्यानंतर मी टिपणातील 'केवळ अधिकाऱ्यांचे लॉज' हे शब्द काढून टाकले.

सनद पलटणीची की गावाची, या भेदामुळे माझा मूळ प्रश्नही सुटण्याच्या मार्गावर आला आहे. टिपणाची पहिली ओळ आता अशी केली आहे : 'बॉम्बे आर्टिलरीतील मेसनांनी १८२३ मध्ये मद्रासच्या सनदेवर सुरू केलेले आणि १८३३ मध्ये इंग्लंडची सनद मिळालेले लॉज.' ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही ही मांडणी मान्य आहे.

आता दोन बाबतींत मदत हवी आहे. पहिली म्हणजे, चेन्नईत कोणी अभ्यासक असल्यास कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रांतिक ग्रँड लॉजचा १८२३ ते १८३० या काळातील पत्रव्यवहार तिथे पाहायला मिळतो का, याची चौकशी कृपया करावी. पुण्याहून गेलेल्या वर्गण्यांसोबत नावांच्या याद्या गेल्या असल्याच पाहिजेत. दुसरी पुण्यातल्या आणि नगरच्या वाचकांसाठी. जुन्या लष्करी दफनभूमींत एखाद्या थडग्यावर गुण्या आणि कंपास यांची खूण आणि खाली 'बॉम्बे आर्टिलरी' अशी अक्षरे दिसली, तर नाव, हुद्दा आणि वर्ष टिपून इथे द्यावे. दगड झिजत चालले आहेत. मागच्या पावसाळ्यानंतर मी पाहिलेल्या एका दगडावर खूण शाबूत होती, पण नावाची केवळ पहिली तीन अक्षरे उरली होती.