पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच का तपासावी?

शरयू

‘माजी निरीक्षक’ यांनी काल लिहिले की, मुंबईत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळ्या प्राधिकरणाची गरज नाही, वरिष्ठांची देखरेख आणि न्यायालये पुरेशी आहेत, आणि अशा यंत्रणांमुळे अंमलदार काम करायलाच घाबरतो. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

माझ्या धाकट्या भावाला नाकाबंदीतील शाब्दिक वादावरून उपनगरातील एका ठाण्यात रात्रभर बसवून ठेवले होते. अटक नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही, घरी निरोप नाही. आम्ही आमच्या भागातील ठाण्यांवर देखरेख करणाऱ्या परिमंडळाच्या उपायुक्तांकडे लेखी अर्ज दिला. तो ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन सहायक आयुक्तांकडे आणि तेथून त्याच ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांकडे गेला. जबाबासाठी आम्हाला बोलावले तेही त्याच ठाण्यात. ‘अर्जदाराचे समाधान झाले असून त्यांची काही तक्रार नाही’ असा कागद आधीच टंकलेला होता, आणि आईने त्यावर सही केली, कारण भावाला रोज त्याच चौकीवरून कामाला जायचे होते. आपण ज्याला वरिष्ठांची देखरेख म्हणता ती ही.

पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असतील असे स्पष्ट म्हटले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, परंतु जिल्ह्याऐवजी अनेक जिल्ह्यांचा मिळून होणारा महसुली विभाग धरला, आणि अपवादात्मक परिस्थितीत कारणे नोंदवून प्राधिकरणाचा अहवाल नाकारण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. माझी मागणी एवढीच आहे की तपास पोलिसांच्या हातून काढावा, अहवाल बंधनकारक करावा, आणि मुंबईत प्रत्येक प्रादेशिक विभागासाठी तक्रार घेणारे एक कार्यालय पोलीस ठाण्याच्या इमारतीबाहेर असावे.

माजी निरीक्षक

आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले ते चुकीचे होते, याबद्दल वाद नाही. पण एका अनुभवावरून संपूर्ण दलाचा न्याय करू नये. कसुरी अहवाल (अंमलदाराच्या चुकीबद्दल वरिष्ठांकडे जाणारा), विभागीय चौकशी, 1956 चे शिक्षा व अपील नियम, वेतनवाढ रोखणे, निलंबन, बडतर्फी, एवढ्या पायऱ्या आज अस्तित्वात आहेत. माझ्या सेवेत एका गुंडाच्या भावाने माझ्याविरुद्ध एकामागून एक अर्ज केले आणि प्रत्येक अर्जाला उत्तर देताना मूळ गुन्ह्याचा तपास मागे पडला. आरोपीला तपास अधिकारी नकोसा झाला की तो पहिला अर्ज करतो, हे ठाण्यात एक वर्ष काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या अर्जांची छाननी ज्याने कधी पंचनामाही केलेला नाही त्याने करायची काय?

कोर्टनाका

मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे या पायऱ्यांचे दुसरे टोक मला दिसते. विभागीय चौकशीत तक्रारदार फक्त साक्षीदार असतो. त्याला कागद मिळत नाहीत, निष्कर्ष कळत नाही, आणि शिक्षा झालीच तर ती ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, रद्द झाल्याचे तो वर्तमानपत्रात वाचतो. दरम्यान संबंधित अधिकाऱ्याची नियंत्रण कक्षात बदली होते आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या ठाण्यात रुजू होतो.

न्यायालये पुरेशी आहेत असे म्हणणाऱ्यांनी पोलीस अधिनियमाचे कलम 161 वाचावे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल 6 महिन्यांत खटला गुदरला नाही तर सामान्यतः दारच बंद होते, आणि ते 6 महिने ‘चौकशी चालू आहे’ या उत्तरात संपतात. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीत झालेल्या विद्यार्थ्याच्या मृत्यूबाबत गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला 2025 च्या जुलैत आदेश द्यावा लागला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या प्रकरणाकडे सबंध राज्याचे लक्ष होते त्याची ही गत असेल, तर नाकाबंदीत थोबाडीत खाल्लेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाने कोणत्या न्यायालयात जावे?

लाईनीतला मुलगा

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत गेले. गणेशोत्सवात वडील सलग बंदोबस्तावर असत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते घरी येत तेव्हा सुजलेल्या पायांतून बूट निघत नसत. त्या माणसाने चोवीस तास जागून कोणावर आवाज चढवला, तर त्याची चौकशी करायला या प्राधिकरणात निवृत्त न्यायमूर्ती बसवायचे आणि त्याला चोवीस तास उभे करणाऱ्याची चौकशी कोणी करायची नाही, हा कोणता न्याय आहे? देवनार ठाण्यात 2016 मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तोही तेथल्याच एका अंमलदाराने आखून दिलेला. 2021 मध्ये महिला अंमलदारांसाठी तसा आदेश निघाला. सण आला, सभा आली, मंत्र्यांचा दौरा आला की या पाळ्या कोठे जातात ते लाईनीत, म्हणजे पोलिसांच्या वसाहतीत, येऊन विचारा. आधी हे सुधारा आणि मग तक्रारींची भाषा करा.

शरयू

थकवा हे मारहाणीचे कारण असू शकेल, समर्थन नव्हे. महापालिकेच्या रुग्णालयातील निवासी डॉक्टरही दोन-दोन दिवस जागे असतात. त्यांनी रुग्णाला मारले तर आपण त्यांच्या वसतिगृहाची चर्चा करणार का? प्रत्येक वेळी पोलिसांच्या अत्याचाराचा प्रश्न काढला की घरांचा आणि रजांचा प्रश्न पुढे केला जातो, याची मला अतिशय चीड आहे.

लाईनीतला मुलगा

चीड आम्हालाही आहे. बीडीडी पुनर्विकासात पोलीस कुटुंबांच्या घरांची किंमत आधी 50 लाख सांगितली गेली आणि ओरड झाल्यावर 2022 मध्ये ती 15 लाखांवर आली. तिच्यासाठी भांडताना आमच्या बाजूने एकही मानवी हक्कवाला उभा राहिला नाही. हवालदाराला हक्क असतात हेच आपल्यासारख्यांना मान्य नाही.

माजी निरीक्षक

या मुलाने खरे दुखणे सांगितले आहे. साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द होते, रजेचा अर्ज वरिष्ठांच्या मर्जीवर पडून राहतो, आणि संघटना करण्याचा अधिकार दलाला नाही. तक्रार करायला जागा नसलेली माणसे तुम्ही रस्त्यावर उभी करता आणि त्यांच्याकडून सौजन्याची अपेक्षा ठेवता.

हडसनकाठ

मी न्यूयॉर्कमध्ये राहतो. येथील तक्रार मंडळ 1993 पासून पूर्णपणे नागरिकांचे आहे, त्यांचे स्वतःचे तपासनीस आहेत, तरी शिक्षेबाबत अंतिम शब्द पोलीस आयुक्तांचाच असतो आणि मंडळाने शिफारस केलेली शिक्षा अनेकदा त्यांच्याकडून सौम्य होते. म्हणजे नागरिक बसवले की काम झाले, हा शरयू यांचा विश्वास मला भाबडा वाटतो. फरक पडला तो 2020 मध्ये, जेव्हा पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गोपनीय ठेवणारे कलम राज्याने रद्द केले. आज कोणत्या अधिकाऱ्याविरुद्ध किती तक्रारी आल्या हे कोणालाही पाहता येते.

माजी निरीक्षक

सिद्ध न झालेल्या तक्रारीही नावानिशी जाहीर करायच्या? हे मी कदापि मान्य करणार नाही. ज्या गुंडाच्या अर्जांबद्दल मी लिहिले, ते सर्व आज माझ्या नातवाने वाचावेत काय?

कोर्टनाका

सिद्ध न झालेल्या नकोत, एवढे मी मान्य करतो. परंतु सिद्ध झालेल्या आणि सरकारने नाकारलेल्या अहवालांची कारणे प्रसिद्ध झालीच पाहिजेत. तसेच 2 डिसेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण 18 महिने, आणि काही झाले तरी किमान एक वर्ष, जपून ठेवायचे आहे. ते ताब्यात घेण्याचे काम तक्रार येताच त्याच दिवशी प्राधिकरणाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याने करावे, कारण माझ्या अशिलांना आजवर ‘कॅमेरा नादुरुस्त होता’ हेच उत्तर मिळत आले आहे. आणि लाईनीतल्या मित्रा, वडिलांचे हजेरीपत्रक हासुद्धा त्याच तपासातील पुरावा का असू नये? चोवीस तास उभे करण्याचा आदेश कोणाचा होता, हे ठाण्याबाहेरचा तपासनीसच विचारू शकेल. वरिष्ठ निरीक्षक स्वतःच्याच आदेशाबद्दल विचारणार नाही.

लाईनीतला मुलगा

ते विचारले जाणार असेल, तर माझा विरोध तेवढ्यापुरता कमी होतो. मात्र आजवर ठाण्यात काही घडले की निलंबित होतो तो शिपाई, आणि आदेश देणारा बढती घेऊन जातो. हे बदलेल असे कोणी लिहून देणार आहे का?

माजी निरीक्षक

ठाण्यातील तक्रार त्याच ठाण्याकडे पाठवू नये, एवढे मी शरयू यांच्यासाठी मान्य करतो. ती दुसऱ्या परिमंडळाकडे द्यावी. त्यापुढे जाण्याची माझी तयारी नाही.

शरयू

दुसऱ्या परिमंडळातील सहायक आयुक्त पुढच्या बदलीत याच परिमंडळात येणार असतात. तेही पोलीसच आहेत, आणि माझा आक्षेप नेमका तेवढाच होता.