पावसाळा, घर आणि साप: तुमचे अनुभव लिहा

पाऊसवेडी
काल सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मारलेल्या धामणीचा फोटो टाकला, खाली अंगठ्यांची रांग. बिनविषारी, उंदीर खाणारी धामण! जीव कळवळला, आणि आत्या आठवली. म्हणून हा धागा.

आमचं जुनं घर ओवळ्याला, घोडबंदर रोडवर टॉवर यायच्या आधीचं. मागे शेत, त्यामागे येऊरचं जंगल. आत्या खाली सतरंजीवर झोपायची. एकदा पावसाळ्यात पहाटे पोटात कळा येतायत म्हणून उठली. अंगावर जखम नाही, सूज नाही. जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. थोड्या वेळाने तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, जीभ जड झाली, पाणी गिळता येईना. आजोबा म्हणाले, हिला पान लागलंय, म्हणजे साप चावलाय. कुणाचा विश्वास बसेना, पण बाबांनी रिक्षा बोलावली आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठलं. इकडे काकाने सतरंजी काठीने उचलली तर खाली मण्यार. आत्या बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचली. आता नातवंडं खेळवते.

मण्यारीचे दात इतके बारीक की झोपेत चावलेलं कळतही नाही. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं तरी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तुमच्याकडे साप निघाला तेव्हा काय केलंत?

जास्वंद
बापरे, आत्यांना नमस्कार सांग. वाचताना काटा आला.
आमच्या सासूबाई दिवे लागले की 'साप' म्हणतच नाहीत, 'लांबडं' म्हणतात. मुलंही तसंच म्हणायला लागलीत :)

सेक्टर_बारा
खारघर, तळमजला, मागे डोंगर. वॉशिंग मशीनच्या मागे नाग. नवरा झाडू घेऊन निघाला होता, त्याला आधी बाहेर काढलं. मुलं शेजारी, बाथरूमचं दार लावलं, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली आणि सर्पमित्राला फोन. तो येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीतून लांबूनच नजर ठेवून होतो, कारण साप नजरेआड गेला की शोधणं महाकठीण. फिनेल, रॉकेल काही ओतू नका, बिथरून तो भलतीकडेच शिरतो. सर्पमित्राने काय शांतपणे पिशवीत घेतला! नंतर वनखात्यात नोंदही केली. नंबर नसेल तर वनखात्याची हेल्पलाइन आहे, १९२६.

घोडबंदरकर
@सेक्टर_बारा सर्पमित्राचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमचे सर्पमित्र दादा आता पुण्याला गेले.
आमचा नियम सांगतो. बूट बाहेरच्या रॅकवर असतात, घालण्याआधी उलटे करून आपटायचे. एकदा मुलाच्या गमबुटातून नागाचं पिल्लू पडलं. पिल्लू म्हणून हात लावायचा नाही, विष जन्मापासून असतं.

सेक्टर_बारा
केला व्यनि.

रातपाळी
सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, डबा भरता भरता लिहितेय. कृपा करून दोरी आवळून आणू नका. काळानिळा पडलेला हात बघवत नाही, आणि ते सापाने नाही, दोरीने झालेलं असतं. ब्लेड मारणं, चोखणं, मिरची खाऊ घालून बघणं, मांत्रिक, सगळ्यात वेळ जातो. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढा, घोणस चावली की सूज भराभर चढते. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन, नाहीतर मिळेल ती गाडी.

साप मारून किंवा धरून आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. आपल्याकडचं एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं. आम्ही लक्षणं बघतो, थोडं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता जास्त. आणि बरं वाटतंय म्हणून पळून जाऊ नका, २४ तास देखरेख हवीच. मण्यारीचं विष उशिरा दिसतं, पाऊसवेडीने लिहिलंय ते अगदी तसंच.

पाऊसवेडी
@रातपाळी खूप खूप आभार. हे प्रिंट काढून लिफ्टमध्ये लावते.

डोंगरवाटा
येऊरला सकाळी जातो आम्ही. हिरवा चापडा साप दिसतो पावसात, फांदीवर पानासारखा चिकटून. त्याच्यावर पण हेच एएसव्ही चालतं?

रातपाळी
नाही, त्या चौघांत तो नाही. जीव जाणं फार क्वचित, पण दुखतं आणि सुजतं भयंकर. हॉस्पिटलात यायचंच. फांद्यांना हात लावत चालू नका.

देवगडचा_हापूस
फुरशाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगड उचलला की फुरसं. आंब्याच्या बागेत आजी बॅटरी आणि काठीशिवाय पाऊल टाकू द्यायची नाही. नेरूळला आलो तरी सवय सुटली नाही, पार्किंगमध्ये पण बॅटरी पाडत जातो.

जास्वंद
अय्या, देवगड? माझं माहेर जामसंडे!

देवगडचा_हापूस
मग गणपतीत भेटूया, तिकीट मिळालं का?

जास्वंद
वेटिंग 😔

सेक्रेटरी_काका
मंडळी, साप आपल्या घरी पाहुणा म्हणून येत नाही, उंदरामागे येतो. आमच्या कोलशेतच्या सोसायटीत मागच्या भिंतीला रंगकामाचं डेब्रिज, तुटक्या लाद्या, जुने दरवाजे पडून होते आणि शेजारी ओला कचरा. सगळं उचललं, गवत काढलं, ड्रेनेजच्या तोंडांना बारीक जाळ्या बसवल्या, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. साप दिसणं खूप कमी झालं. वॉचमनना गमबूट आणि चांगली बॅटरी दिली, हा खर्च मीटिंगमध्ये भांडून मंजूर करून घेतला. रात्री पहिला पाय त्यांचाच पडतो, त्यांचा विचार आधी व्हायला हवा. आणि साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही बोर्डावर लिहिलंय.

घोडबंदरकर
+१ काका. गमबुटांचं आमच्याकडेही मांडतो.

उलवेकरीण
आमच्याकडे अजून भराव, गवत, बांधकामं. साइटवरची माणसं पत्र्याच्या खोल्यांत जमिनीवर झोपतात, लहान बाळं पण. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

रातपाळी
मच्छरदाणी द्या! कडा अंथरुणाखाली नीट खोचायच्या. डास आणि मण्यार दोन्हींना अडवते. खाट मिळाली तर उत्तमच.

उलवेकरीण
जुन्या दोन आहेत घरी, आजच देते. कुणाकडे जास्तीच्या असतील तर सांगा, मी सीवूड्सपर्यंत येऊन घेऊन जाईन.

देवगडचा_हापूस
माझ्याकडे आहे एक डबल बेडची. शनिवारी स्टेशनला देतो, व्यनि केलाय.