दूधवाल्याची रोडकिंग: स्ट्रीट ट्रॅकर करू की कंपनीतून निघाली तशी उभी करू?

दोनपुंगळी:

गेल्या महिन्यात कऱ्हाडजवळच्या एका काकांकडून १९८६ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल घेतली. काकांनी वीस-बावीस वर्षं तिच्यावरून डेअरीला दूध घातलं. पुढे दुसरी गाडी आली आणि ही गोठ्यामागे पत्र्याखाली गेली. सीट उंदरांनी खाल्लीय, मागचं मडगार्ड खालून कुजलंय, टाकीत गंजाचा चुरा आहे. इंजिन मात्र जाम नव्हतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, दोन दिवस थांबलो, गिअरचा दांडा आत दाबून उभा केला आणि किक मारली, पिस्टन सुटला. (येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, हे नव्या मुलांसाठी सांगतोय.)

मला तिचा स्ट्रीट ट्रॅकर करायचाय. अमेरिकेत फ्लॅट ट्रॅक म्हणून मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची शर्यत असते. सगळी वळणं डावीकडे, डाव्या बुटाला लोखंडी तळवा, आणि मागचं चाक घसरवतच वळण काढायचं. या गाड्यांवर शर्यतीला लागत नाही ते काहीच ठेवत नाहीत: रुंद हँडल, दोन्ही चाकं १९ इंची, छोटी सीट, मागे उचललेली शेपटी, बाजूला नंबरची पाटी. त्याच धाटणीची गाडी दिवे-आरसे लावून रस्त्यावर आणली की तो स्ट्रीट ट्रॅकर.

आमच्या ग्रुपवर हे बोललो तर सगळे अंगावर आले. "येझदी कापणार? लाज वाटत नाही?" म्हणून इथे मांडतो. माझं म्हणणं एवढंच की ही गाडी 'ओरिजिनल' उरलेलीच नाही. सीटखालच्या फ्रेमच्या नळ्यांना दोन्हीकडून लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्यात, किटल्या अडकवायला. डाव्या पट्टीवर किटलीची कडी घासून घासून बोट बसेल एवढी खाच पडलीय. ती खाच मला मैसूरच्या कारखान्याच्या रंगाइतकीच खरी वाटते. त्या पट्ट्या मी काढणार नाही. नंबरची पाटी त्यांच्यावरच बोल्टनं बसवणार.

आणि गाडी म्हणून येझदी ट्रॅकरला सोयीची आहे. कॅफे रेसर (पुढे वाकून बसायची, शर्यतीच्या ढंगाची गाडी) करायचा तर पायदान मागे न्यावं लागतं आणि मग किक-गिअरच्या त्या एकाच दांड्याचं काय करायचं हा घोळ होतो. ट्रॅकरला पायदान जागच्या जागी राहतं. माणूस ताठ बसतो, हँडल रुंद. फ्रेमला ग्राइंडर लावायची वेळच येत नाही.

मतं सांगा. विरोधातली असली तरी चालतील, फक्त कारण द्या.

मूळरूप:

कारण देतो. मैसूरला १९६१ पासून जावा निघाल्या, १९७३ पासून येझदी या नावानं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. त्यानंतर एकही नवी रोडकिंग तयार झाली नाही, होणारही नाही. २०२२ ला येझदी हे नाव परत आलं, पण त्या गाड्या वेगळ्या, त्यांचा एक नट आपल्या कामाचा नाही. म्हणजे आहेत त्यातून एक गेली की कायमची गेली.

मी तीन गाड्या उभ्या केल्यात. एका साइड पॅनलसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात सलग सात महिने बुधवार-रविवार फिरलोय. शेवटी मिळालं ते एका माणसानं त्याच्या रोडकिंगचा 'कस्टम' केल्यावर भंगारात टाकलेलं. त्याची गाडी नंतर पाहिली. अर्धवट पडली होती, टाकी कापलेली, पैसे संपलेले. तुमच्यासारखाच उत्साह त्यालाही होता.

अजून एक बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मुख्य अट ही की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. रोडकिंग १९७८ पासून निघाली, म्हणजे पहिल्या गाड्या २०२८ ला पन्नाशीत जातील. तुमची २०३६ ला. आज दहा वर्षं कळ काढली तर ती गाडी मानानं उभी राहील. पट्ट्यांचं म्हणाल तर त्या अर्ध्या दिवसात ग्राइंड करून फ्रेम पूर्वीसारखी होते. दूधवाल्यानं गरजेपोटी केलं, तुम्ही हौसेपोटी करताय. दोन्ही एका मापानं मोजू नका.

कायद्यानं_चाला:

भावना बाजूला ठेवून बोलते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे: आरसीत नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं याचा सैल अर्थ लावला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ ला रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द पुन्हा वाचा.

तुमच्या यादीत सगळ्यात अवघड आहे ती छोटी सीट. आरसीवर दोन माणसांची गाडी आहे. मागच्या माणसासाठी धरायला कडी, पायदान आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडी गार्ड, हे केंद्रीय नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. ट्रॅकर करताना लोक सगळ्यात आधी हेच काढून टाकतात.

आणि मुळात आरसी जिवंत आहे का? १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. फॉर्म २९ आणि ३० भरून काकांच्या नावावरून गाडी तुमच्या नावावर करा, मग फॉर्म २५ भरून गाडी निरीक्षकासमोर उभी करा. हे झाल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट घेऊ नका. कागद नसलेली सुंदर गाडी शेवटी पोलीस ठाण्याच्या आवारात गवतात उभी राहते. अशा डझनभर मी स्वतः पाहिल्यात.

उद्यमनगर_लेथ:

कोल्हापूरला उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी दोनपुंगळीच्या बाजूनं. गाडी पत्र्याखाली सडण्यापेक्षा रस्त्यावर पळालेली बरी, आणि सगळ्यांना शोरूम कंडिशनचा खर्च झेपत नाही. मूळरूप साहेब, सात महिने एका पॅनलसाठी फिरायला सवड आणि पैसा दोन्ही लागतात.

पण भाऊ, १९ इंचाचं नीट समजून घ्या. ३.२५-१८ टायरचा व्यास ६२ सेंटीमीटरच्या आसपास, ३.२५-१९ चा ६५ च्या जवळ. म्हणजे गाडी साधारण ४ टक्के 'जड' गिअरिंगवर जाते, चढाला दम कमी आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवले की भरपाई होते, पण चेनची लांबी बदलते. रिम-टायर शोधायला त्रास नाही, जुन्या बुलेटला पुढे-मागे १९ चंच होतं. मात्र रिमची भोकं आणि तुमच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) भोकं आधी मोजा. एकानं न मोजता पुण्याच्या नाना पेठेतून रिमा उचलल्या आणि माझ्याकडे स्पोक ओढायला आणल्या. परत पाठवाव्या लागल्या.

सायलेन्सरला हात लावू नका. टू-स्ट्रोकची ताकद पुंगळीच्या आतल्या मापांवर असते. बॅफल (आतला आवाज दाबणारा भाग) काढला की आवाज वाढतो, ओढ मरते. ट्रॅकरसारख्या दोन्ही पुंगळ्या उजवीकडून वर घ्यायच्या हा मोह होईल. चित्रात छान दिसतं, पण वाकवताना लांबी बिघडते आणि मग कार्बोरेटरच्या जेटशी महिनाभर झटापट. शिवाय आवाजाचा दंड १०,००० पर्यंत आहे, आणि काढून घेतलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात हे सगळ्यांनी पाहिलंय.

घाटवाट:

माझा विरोध जुनं-नवं म्हणून नाही, ब्रेकसाठी आहे. कऱ्हाडहून चिपळूणला कुंभार्ली घाटानं मी वडिलांच्या रोडकिंगवर कितीदा तरी गेलेय. ज्यानं टू-स्ट्रोकवर घाट उतरलाय त्याला ठाऊक असेल, थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला धरत नाही. सगळा भार ड्रम ब्रेकवर. पोफळीच्या बाजूला उतरताना एकदा पुढचा ब्रेक तापून दांडी थेट हँडलला टेकली. पहिला गिअर, मागचा ब्रेक आणि डोंगराकडची चर, असं करत थांबले. पावसाळा असता तर हे लिहायला मी नसते.

चाक मोठं केलंत आणि ड्रम तेवढाच ठेवलात तर ब्रेकचा जोर त्याच ४ टक्क्यांनी कमी होतो. लेथवाल्या दादांनी गिअरिंगचं सांगितलं, ब्रेकचं राहिलं. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये 'ब्रेक' हा शब्द एकदाही नाही. हँडल, सीट, पाटी, शेपटी सगळं आहे. नवे लायनर, ड्रमचा ओव्हलपणा लेथवर काढणं, नवी केबल, हे आधी करा, मग सौंदर्याचं बोलू.

आणि छोट्या सीटबद्दल. घरात एकच गाडी असते तिथे मागची सीट ही आईची, बायकोची, बहिणीची जागा असते. ती कापताना त्यांना विचारलंय का?

इलिनॉयकर:

मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेत, इलिनॉयमध्ये. इथल्या स्टेट फेअरच्या मैदानावर स्प्रिंगफील्ड माईल होते, एक मैलाचा मातीचा ट्रॅक. सरळ पट्ट्यात गाड्या ताशी २०० किलोमीटरच्या वर जातात आणि त्यांना पुढचा ब्रेकच नसतो. कठड्याशी उभं राहिलं की आधी पायाखालची जमीन हलते, मग आवाज येतो, मग तोंडावर मातीचे खडे. हार्लेची एक्सआर७५० याच शर्यतीसाठी १९७० ला आली. पहिलं लोखंडी इंजिन फार तापायचं, १९७२ ला ॲल्युमिनियमचं केलं तेव्हा ती चालली.

हे पाहिल्यापासून रस्त्यावरच्या बहुतेक 'ट्रॅकर'बद्दल माझं मत वाईट झालंय. त्या गाड्यांवरची प्रत्येक गोष्ट कारणानं आहे. हँडल रुंद, कारण घसरत्या गाडीला आवरायला जोर लागतो. नंबरची पाटी, कारण वर बसलेल्या पंचाला नंबर दिसावा. तुमच्या पाटीवर कुठला नंबर असणार आणि तो कोण वाचणार? माती न पाहिलेली गाडी नुसती त्या वेषात फिरवणं मला पटत नाही.

मूळरूप यांनाही एक सांगायचंय. जावा आणि मातीची शर्यत हे नातं बाहेरून चिकटवलेलं नाही. चेकोस्लोव्हाकियात दिविशोवला जावाच्या स्पीडवे गाड्या तयार होत: ५०० सीसी, मिथेनॉलवर चालणाऱ्या, ब्रेक नसलेल्या, मातीवर डावीकडेच वळणाऱ्या. सहा वेळा जगज्जेता झालेला आयव्हन मॉगर जावावर धावलाय. येझदी त्याच घराण्यातली. तिला मातीत नेणं हा तिचा अपमान नक्कीच नाही. फक्त मातीत खरंच न्या.

दोनपुंगळी:

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

घाटवाट ताई, ब्रेकचं तुमचं शंभर टक्के बरोबर. काल पुढचं चाक खोललं. लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेत आणि ड्रममध्ये नखाला लागेल अशी कड आलीय. ते काम पहिलं. चाकं १८ चीच ठेवतोय.

कायद्यानं_चाला यांच्या सांगण्यावरून कागद पाहिले. आरसी संपलेली आहे, नूतनीकरण एकदाच झालं होतं. काका फॉर्मवर सही द्यायला तयार आहेत. मडगार्ड काढणार नाही, कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडतो. साडी गार्ड राहील. पुंगळ्या दोन्ही मूळच्या, जागच्या जागी.

इलिनॉयकर, पाटीवर नंबर नसणार. काकांच्या डेअरीच्या खातेपुस्तकावर त्यांचा सभासद क्रमांक होता, तो टाकायचा विचार होता. पण तुमचं वाचून वाटलं, पाटी आधी मिळवायला हवी. गावाबाहेर ऊस तुटलेलं सपाट रान आहे, मालक ओळखीचा. तिथे लंबगोल आखून मंद वेगानं शिकणार. रॉयल एनफिल्डच्या स्लाईड स्कूलमध्ये हे शिकवतात, तिथे नाव घालायचा प्रयत्नही करतोय.

मूळरूप, तुमच्याशी माझं जमणार नाही, पण एक मान्य: काढलेला एकही भाग भंगारात जाणार नाही. हँडल, साइड पॅनल, सीटचा सांगाडा, सगळं ऑइल लावून पोत्यात बांधून माळ्यावर. २०३६ ला कुणाला मूळ रूप हवं असेल तर एका दिवसात परत बसेल. पट्ट्या मात्र राहणार.

मूळरूप:

सगळं पोत्यात राहणार असेल तर माझा निम्मा राग गेला. पट्ट्यांवर मी अजूनही ठाम आहे. फ्रेमच्या नळीला जिथे वेल्ड होतो तिथेच पुढे तडा जातो. निदान रंग खरवडून त्या जागा भिंगाखाली बघा. केसाएवढी रेघ दिसली तर तुमच्या आठवणीसकट ती पट्टी काढावीच लागेल.

दोनपुंगळी:

आज सकाळी बघितलं. उजवीकडचा वेल्ड साफ आहे. डावीकडे, खाचेच्या बरोबर मागे, नळीवर पाऊण इंचाची रेघ आहे. रंगाखाली होती. रॉकेल लावून पुसलं, वर खडू फासला, पाच मिनिटांत रेघेतून ओल फुटली. तडाच आहे. डावी पट्टी काढावी लागणार. वाईट वाटलं, पण तुम्ही सांगितलं नसतं तर हेच रानात मोडलं असतं. पट्टी जपून ठेवतोय.

दुपारी कागदासाठी काकांकडे गेलो. पाटीचं, हँडलचं सगळं सांगितलं, मोबाईलवर चित्रं दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग एकच विचारलं, "मागं माणूस बसंल न्हवं?" काकूंना पहिल्यांदा माहेरी सोडायला ते याच गाडीवरून गेले होते.

सीट दोघांची ठेवतोय. शेपटी अगदी मागे, चार बोटं उंच.

उद्यमनगर_लेथ:

मग सीटचा पत्रा दोन फूट धरून आणा, १८ गेजचा, त्यापेक्षा पातळ नको. तडा गेलेली नळी तशीच वेल्ड करायची नाही. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तडा थांबवायचा, आतून बाही घालायची आणि मग टिग वेल्ड. गाडी टेम्पोत घालून आणा, चालवत आणू नका. रविवारी सकाळी वर्कशॉप मोकळं असतं.