मदत हवी आहे: दोन शाळांच्या मुलांची एकच गोष्ट

नमस्कार मंडळी. मी सातवीला मराठी शिकवते. आमचा वर्ग आणि कोकणातल्या एका शाळेचा वर्ग मिळून गूगल डॉक्सवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना एकत्र लिहिता येणाऱ्या एकाच फाइलमध्ये, गोष्ट लिहितोय. एक परिच्छेद आमचा, पुढचा त्यांचा. मुलं इतकी रंगलीत की मधल्या सुट्टीतही ‘बाई, त्यांनी पुढचं टाकलं का?’ विचारतात.

अडचण अशी आहे. बरीच मुलं तेरा वर्षांखालची, त्यामुळे स्वतःचं गूगल खातं नाही. लिंक उघडली की मुलाच्या नावाच्या जागी गूगलने दिलेलं कुठल्यातरी ‘अनामिक’ प्राण्याचं नाव दिसतं. व्हर्जन हिस्ट्रीत, म्हणजे फाइलमधल्या बदलांच्या नोंदीतही, कुणी काय लिहिलं ते कळत नाही. परवा एकीची समुद्राची दोन सुंदर वाक्यं कुणीतरी पुसली. जुनी प्रत काढून ती परत आणली, पण पोर हिरमुसलीच.

सजेशन मोड (बदल थेट न होता आधी सूचना म्हणून दिसतो) लावावा का? की प्रत्येक गटाला वेगळा शाईचा रंग द्यावा? शाळेसाठी गूगल वर्कस्पेस (संस्थेला आपली खाती काढू देणारी गूगलची सेवा) कुणी घेतलंय का, मुलांची खाती कशी काढलीत? पालकांची संमती कशी घेतलीत? दुसऱ्याचं लिखाण न पुसता पुढे कसं न्यायचं, हे मुलांना कसं शिकवता, तेही सांगा. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.