मदत हवी आहे: बंद केलेल्या क्रेडिट कार्डाची वसुली नोटीस

नमस्कार मंडळी, कोपरखैरणेच्या घरी माझ्या नावाने एका वसुली एजन्सीची नोटीस आलीय. कार्ड 2021 मध्येच बंद केलंय, बँकेचं नो ड्यूज पत्रही आहे. नोटिशीत नुसता एक आकडा. मुद्दल किती, व्याज किती, पत्ताच नाही. कार्डाचे शेवटचे चार अंकही जुळत नाहीत. खाली मात्र पैसे भरायला क्यूआर कोड ठळक छापलाय!

एजन्सीचा फोनवरचा माणूस म्हणतो, "थोडे भरा, सेटलमेंट करू." पण क्रेडिट रिपोर्टवर (कर्जफेडीच्या नोंदींवर) 'सेटल्ड' लागलं की पुढची बँक नाक मुरडणार, आणि आमची घरकर्जाची फाईल आत्ताच लागतेय.

हा रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिल कंपनीकडे डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाकला तर 30 दिवसांत निकाल, नाहीतर रोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. पण रिपोर्टवर अजून काही चढलेलं नाही, मग आधीच काय करायचं? एजन्सीला रजिस्टर पोस्टाने उत्तर द्यावं, की थेट बँकेच्या नोडल ऑफिसरलाच (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहावं? अनुभव असेल त्यांनी पत्राचा मसुदा दाखवलात तर फार बरं होईल. वाशी-ठाण्याकडचा यातला जाणकार वकील कुणाला माहीत आहे का?