काकोडकर सगळे एकाच घराण्यातले का?

फोंड्याचा_पोर
शशिकलाताई काकोडकर, अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर, काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर आणि कादंबऱ्यावाले चंद्रकांत काकोडकर, हे एकमेकांचे कोण लागतात? आमच्या ग्रुपवर एकजण छातीठोक सांगतोय की ताई म्हणजे अनिल काकोडकरांची बहीण. जुने लोक सांगा बघू.

कुडचडे_लोकल
बहीणबिहीण काय नाय रे, ताई गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची मुलगी, काकोडकर हे सासरचं नाव. भाऊसाहेब 1973 च्या ऑगस्टमध्ये वारले आणि ताई मुख्यमंत्री झाली, 1979 पर्यंत, त्यानंतर गोव्यात बाई मुख्यमंत्री झालीच नाय अजून. अनिल काकोडकर हे पुरुषोत्तम काकोडकरांचे चिरंजीव, एवढं नातं मात्र खरं. जन्म 1943 चा, तोसुद्धा गोव्यात नाय, बडवानीला. बाकी काकोड्याचा तो काकोडकर, बोरीचा तो बोरकर, गाव एक म्हणून घर एक होत नाय.

माशेलकाका
मला तर गंमत वेगळीच वाटते. पुरुषोत्तमबाबांना पोर्तुगीजांनी पकडून पार पोर्तुगालात नेलं होतं, मुक्तीनंतर ते काँग्रेसचे पुढारी, आणि विलीनीकरणाचा निर्णय परस्पर नको, लोकांना विचारा म्हणून दिल्लीत खेटे घालणाऱ्यांत ते पुढे. तिकडे भाऊसाहेब आणि त्यांचा मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारे. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला, विलीनीकरण सुमारे 34 हजार मतांनी पडलं. म्हणजे एक काकोडकर कौल मागणारा आणि मगोच्या सर्वेसर्वांची लेक सासरी काकोडकर! आजची पोरं नाव बघून सगळ्यांना एका पक्षात बसवतात, काय बोलायचं.

वाचनवेडी_मडगाव
चंद्रकांत काकोडकर राहिलेच की! त्यांची 'श्यामा' 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टाने 25 रुपये दंड ठोकला, शेवटी 1969 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं अश्लील नाही. वकिलीच्या अभ्यासात अजून ही केस असते. वाङ्मय म्हणून ग्रेट नसेल, पण पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत भांडला माणूस, मला तोच काकोडकर जास्त आवडतो.

फोंड्याचा_पोर
थँक्यू मंडळी, ग्रुपवर टाकतो. तो म्हणतोय मग चुलतबहीण असेल.