विषय: नागपुरात वकील पाहिजे, पण ओळखीतला नको

प्रेषक: प्रतापनगर (मुक्काम सध्या नागपूर)

कॅनडातल्या नागपूरकरांच्या या मेलिंग लिस्टवरच्या मंडळींना नमस्कार.

आमच्या बेसा रोडच्या प्लॉटचं प्रकरण गणपतीच्या वेळी काहींच्या कानावर घातलं होतं. शेजाऱ्याने कंपाउंड वॉल आमच्या हद्दीत घुसवली, म्हणून आईच्या नावाने मनाई हुकुमाचा दावा लावला. वकील मामेभावाने लावून दिलेले. फी त्याच्याच हातून, रोखीत. पावती मागितली की "आपल्यात कसली पावती ताई?"

इथे आल्यावर आईच्या कपाटात दाव्याची झेरॉक्स सापडली, तिच्यावर सीएनआर नंबर (कोर्टाने दाव्याला दिलेला ओळख क्रमांक) होता. मोबाईलवर कोर्टांच्या सरकारी ई-कोर्ट्स सेवेत टाकून बघितला. रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेला काय झालं त्या नोंदीत, ओळीने "वादी व वकील गैरहजर", पुन्हा "वादी व वकील गैरहजर", आणि गेल्या महिन्याच्या अखेरीस "दावा खारीज". त्याच संध्याकाळचा वकीलसाहेबांचा व्हॉट्सअॅप मेसेज माझ्याकडे आहे: "मॅडम, पुढची पेशी लागली. टेन्शन घेऊ नका." खाली हात जोडलेले.

काल सिव्हिल लाइन्सला जाऊन आले. साहेब हायकोर्टात गेले म्हणे. त्यांच्या कारकुनाने गठ्ठ्यातून फाईल काढली, माझ्यासमोर धरली आणि परत ठेवली. "बाकी क्लिअर करा, मग नेऊन जा." बाकी किती, तर तेही साहेबच सांगतील.

फाईल कशी सोडवायची? तक्रार कुठे करायची? आणि दिवाणी बाजूचा कुणी बरा वकील माहीत आहे का? नातेवाइकांमार्फत नको, प्लीज.

---

प्रेषक: सक्करदरा (आता ब्रॅम्प्टन)

ताई, काही विचार नका करू, सरळ ग्राहक मंचात टाका. पैसे घेतले, काम केलं नाही, सेवेत त्रुटी. संपला विषय.

आमच्या काकांचं ऐका. हिंगण्याच्या शेतीची वाटणी. वकील म्हणे, "फी नको, निकाल लागला की जमिनीत दहा टक्के द्या." काका खूश, खिशातून काही जात नाही ना बाप्पा! पण समोरची पार्टी तडजोडीला आली की हे साहेब काही ना काही खुसपट काढून राहिले. तडजोडीत जमीन कमी येणार, म्हणजे यांचे दहा टक्केही कमी. काकांना हे उमजेपर्यंत समोरचा म्हातारा वारला, आणि आता त्याची चार पोरं, दोन पोरी, सगळे रेकॉर्डवर आणा.

आणि एक विचारतो. मोजणी झाली का तुमची? भिंत आत आली हे कागदावर कुठे आहे?

---

प्रेषक: रामदासपेठ (आता मिसिसागा)

प्रतापनगर, आधी तारीख बघ. बाकी सगळं नंतर.

वादी गैरहजर म्हणून दावा खारीज झाला असेल तर तो पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो. हे तीस दिवस खारीज झाल्या तारखेपासून मोजतात, तुला कळलं त्या दिवसापासून नाही. गेल्या महिन्याची अखेर म्हणतेस म्हणजे हातात फार दिवस नाहीत. मुदत टळली तरी विलंबमाफीचा अर्ज असतो, पण टळूच कशाला द्यायची? वकिलाच्या हलगर्जीपणाची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ सालीच म्हटलंय. मात्र हल्ली न्यायाधीश उलट विचारतात, तुम्ही स्वतः कधी चौकशी केलीत? तो व्हॉट्सअॅप मेसेज म्हणूनच जपून ठेव. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात तो आलाच पाहिजे.

फाईल. थकलेल्या फीपोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सुप्रीम कोर्टात आर. डी. सक्सेना खटल्यात २००० साली ठरलं. फी बाकी असेल तर त्यांनी ती वेगळी वसूल करावी. कारकुनाशी हुज्जत घालू नकोस. दोन ओळींचं पत्र लिही, आईची सही घे, स्पीड पोस्टाने पाठव आणि पोच ठेव. नवा वकील जुन्याची ना हरकत मागेल, तो रिवाजच आहे. ती मिळाली नाही तर आईच्या सहीने कोर्टाची परवानगी घेऊन जुनं वकीलपत्र संपवता येतं. आणि फाईलवाचून अडून बसू नका. कोर्टाच्या रेकॉर्डच्या नकला नक्कल विभागातून मिळतात.

सक्करदरा, ग्राहक मंचाचा रस्ता बंद झालाय. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने वकिलांना ग्राहक कायद्यातून बाहेर काढलं. त्यांचं म्हणणं, वकील पक्षकाराच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार. मला ते पटलेलं नाही. सात समुद्रापलीकडे बसलेल्या पक्षकाराचा वकिलावर काय ताबा असतो, ते या लिस्टवर कुणालाही विचारा! उरते ती महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते, आणि कायद्याप्रमाणे ती वर्षात निकाली निघायला हवी, नाहीतर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तिथे वकिलीच्या सनदीवर कारवाई होते, पण तुझा प्लॉट काही तिथून मिळणार नाही. सक्करदरा, तुमच्या काकांचे ते दहा टक्के मात्र तिथे नक्की सांगा. निकालावर फी ठरवणं, वादाच्या मालमत्तेत हिस्सा मागणं, दोन्हीला वकिलांच्या आचारसंहितेत मनाई आहे.

आता माझी खरी तक्रार. दावा आईच्या नावाने आहे म्हणून तू वाचलीस. आपल्यापैकी बहुतेकांचे दावे मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) चालतात. भाऊ सही करतो, भाऊ पेशीला जातो, आणि पुराव्याची वेळ आली की भावालाच पिंजऱ्यात उभा करतात. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, "सौदा झाला तेव्हा तुम्ही हजर होतात का?" नव्हतो. झालं! जे मालकाने स्वतः केलं, जे त्यालाच ठाऊक, त्याबद्दल मुखत्याराची साक्ष चालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या जानकी भोजवानी निकालापासून हे पक्कं आहे. तरी "तुम्ही यायची गरज नाही" असं सांगून फी घेणारे वकील नागपुरात मी पाहिलेत, त्यांच्यासमोर उभी राहिलेय. परदेशातून साक्ष देता येते. २००३ मध्ये एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो वकिलाला सुचावा लागतो.

मुखत्यारपत्र इथून करून पाठवणाऱ्यांनी आणखी एक बघा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. पाकीट कपाटात पडून राहतं, मग सापडतं ते नेमकं पेशीच्या आदल्या दिवशी.

मोजणीचं सक्करदऱ्याने बरोबर विचारलं. अतिक्रमणाचा दावा आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा उल्लेखच नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला.

---

प्रेषक: इतवारी (आता ओकव्हिल)

एक बाजूच ऐकून राहिलो आपण. माझे वडील जिल्हा कोर्टात नोकरीला होते, म्हणून बोलतो. परदेशातला पक्षकार म्हणजे वकिलाला काय काय असतं, तेही लिहा कुणीतरी. प्रतिज्ञापत्र पाठवलं तर सही होऊन यायला महिना. रात्री दोनला फोन. "डॉलरमध्ये कमावतो म्हणून फी वाढवली का?" हे वर. एका दिवशी तीन कोर्टांत बोर्डावर केसेस लागलेल्या, आणि सकाळी साडेदहाला न्यायाधीशांनी नाव पुकारलं की हा माणूस तीन ठिकाणी एकदम कसा असणार? ज्युनिअर पाठवतो, ज्युनिअर तारीख घेतो. यात बदमाशी दर वेळी नसते.

ताईंच्या केसमध्ये खोटा मेसेज आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण फी ठरली किती होती, हे ना ताईंना माहीत ना वकिलाला. मामेभावाला माहीत. त्याने किती पोचवली, हे विचारलं का कुणी?

---

प्रेषक: मंडळ, लिस्टचे काम पाहणारे

वकिलांची नावे, चांगली असोत की वाईट, लिस्टवर टाकू नयेत. प्रतापनगर ताईंना थेट मेल करा. एका सभासदाने रात्री एक नाव टाकले होते, ते आम्ही काढले आहे.

---

प्रेषक: प्रतापनगर (मुक्काम नागपूर)

रामदासपेठ काकू, अर्ज मुदतीत दाखल झाला. नव्या वकील बाई आहेत. भेटल्याबरोबर फीचा कागद पुढे केला: ड्राफ्टिंगचे इतके, पुराव्याचे इतके, दर पेशीचे वेगळे नाहीत. पावतीपुस्तक टेबलावरच होतं. आईने चष्मा लावून दोनदा वाचला आणि मग सही केली.

फाईल पत्र पोचल्यावर मिळाली, थकलेल्या फीचा विषय कुणी काढला नाही. आत मोजणीचा अर्ज आहे. टाइप केलेला, आईची सही असलेला, दावा लावला त्याच महिन्यातला. दिलाच नाही कुणी. तो आता नव्याने भूमी अभिलेखला दिलाय.

इतवारी, मामेभावाला विचारलं. तो चार दिवस फोन उचलत नाहीये.